पकडायला तरतूद आहे, सांभाळायला नाही

प्रति,
महाराष्ट्रातील नगरपरिषदा व नगरपंचायतींचे नगराध्यक्ष, नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांस,

स. न. वि. वि.

निवडणुकीचा गुलाल एव्हाना धुऊन निघाला असेल. कित्येक नगरपरिषदांत वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं, निकाल लागले आणि सभागृहात पुन्हा अशी माणसं बसली ज्यांना बाजारात थांबवून दोन प्रश्न विचारता येतात. आता अंदाजपत्रकाची विशेष सभा होईल. जाडजूड पुस्तिका तुमच्यापुढे येईल, घरपट्टी-पाणीपट्टीवर तावातावानं बोलणं होईल, आणि चहा येईपर्यंत उरलेली पानं 'मंजूर, मंजूर' म्हणत उलटली जातील. हे पत्र त्या उरलेल्या पानांतल्या एका ओळीबद्दल आहे.

आधी मी कोण ते सांगतो. एकतीस वर्षं मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गोठा आहे त्यांच्या दारात माझ्यासारखा कुणीतरी मोटारसायकलला लसीचा थर्मास अडकवून आलेला असणार. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. आमच्या गावाबाहेर जकात नाका आहे. जकात गेली, नाका राहिला. त्याच्या दोन खोल्यांत आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाच माणसं जखमी जनावरं सांभाळतो. मी, एक रिक्षावाला, खानावळ चालवणाऱ्या एक ताई आणि कॉलेजातली दोन पोरं. खासगी प्रॅक्टिस करणारे एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. फी घेत नाहीत, टोमणे मात्र भरपूर मारतात. या जागेला लोक 'प्राण्यांचा निवारा' म्हणतात. वडापावच्या गाडीला हॉटेल म्हणावं तसं ते आहे.

नगरपरिषदेला आजवर आम्ही तीन अर्ज दिले. पहिल्यात नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले ते लिहिलं होतं, दुसऱ्यात नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजलं ते. दोन्ही वेळा साहेबांनी हात जोडले, 'पुण्याचं काम करताय' म्हणाले आणि अर्ज आवक नोंदवहीत नंबर लागून झोपी गेला. तिसऱ्या अर्जाला नंबरही मिळाला की नाही कोण जाणे. म्हणून या पत्रात संतांना त्रास देत नाही. नुसता हिशेब मांडतो.

ती ओळ तुमच्या पुस्तिकेत 'मोकाट जनावरे व भटकी कुत्री बंदोबस्त' किंवा तत्सम नावानं असेल. त्या शीर्षाखाली काय काय खर्ची पडतं ते लेखापालांना विचारा. पकडणाऱ्या ठेकेदाराचं बिल, जाळ्या, गाडीचं डिझेल, मेलेलं जनावर उचलण्याची मजुरी. पण पकडलेलं जनावर पुढच्या घटकेला ठेवायचं कुठे, त्याला पाणी कुणी पाजायचं, टाके तुटले तर रात्री कुणी बघायचं, याला त्या शीर्षात जागाच नसते. पकडायला तरतूद आहे, सांभाळायला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढे लिहितो तो त्याचा खुलासा.

मग पकडलेली कुत्री जातात कुठे? तुम्हांलाही माहीत आहे, मलाही. रात्री गाडी घाटाकडे जाते आणि रिकामी परत येते. आपल्या गावची कुत्री शेजाऱ्याच्या हद्दीत, शेजाऱ्याची आपल्या. पहाटे नाक्यावर गेलो की कधी कधी सात-आठ परकी कुत्री दिसतात. परकं कुत्रं लांबूनही कळतं. शेपूट पोटाशी, कान मागे, एकाच जागेभोवती घिरट्या, आणि ओळखीच्या कुठल्याच माणसाचा वास नाही म्हणून प्रत्येकावर गुरगुर. इथली कुत्री त्यांना हद्दीत घेत नाहीत, भांडणं लागतात, आणि त्या भांडणांतून वाट काढत दूध टाकणारा मुलगा सायकलवरून येतो. पिंडरी कुणाची फुटते ते सांगायला नको. गाडीचं बिल मात्र दोन्ही गावांत निघतं.

हे बेकायदा आहे, हेही सांगून ठेवतो. केंद्र सरकारचे प्राणी जन्म नियंत्रण नियम आधी २००१ मध्ये आले, मार्च २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आले. दोन्हींत मुख्य गोष्ट एकच: कुत्रं पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथंच सोडा. ही जबाबदारी स्थानिक संस्थेची, म्हणजे तुमची. आणि 'पकडा' आणि 'सोडा' यांच्या मध्ये जे चार-पाच दिवस आहेत, तेच नेमके आपल्या अंदाजपत्रकात नाहीत.

त्या चार-पाच दिवसांचं गणित एकदा मांडून दाखवतो, कारण सभागृहात कुणी ते मांडत नाही. समजा गावात हजार कुत्री आहेत. त्यांतल्या निदान सातशेंची नसबंदी आणि लस थोड्या काळात उरकली तरच संख्या आटोक्यात येते. हात बसलेला डॉक्टर आणि एक चांगला मदतनीस दिवसात आठ-दहा शस्त्रक्रिया सहज करतात. पण आदल्या दिवशी कुत्रं उपाशी ठेवावं लागतं आणि नंतर जखम कोरडी होईपर्यंत सांभाळावं लागतं, म्हणजे एका पिंजऱ्यात एक कुत्रं पाच दिवस राहतं. पिंजरे दहा असतील तर दिवसाला दोनच शस्त्रक्रिया होतात, तिसरं कुत्रं ठेवणार कुठे? महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस धरले तर पन्नास. सातशेला चौदा महिने लागतात. कुत्री त्रेसष्ट दिवसांत विते, वर्षातून दोनदा, आणि एका वेताला चार-सहा पिल्लं होतात. चौदा महिन्यांत तुम्ही जितकी कापलीत तितकी नवी उभी राहतात, आणि पुढच्या सभेत कुणीतरी उठून म्हणतं, 'नसबंदीवर एवढा पैसा घातला, कुत्री कमी झाली का?'

पिंजरे चाळीस करा. दिवसाला आठ, महिन्याला दोनशे, साडेतीन महिन्यांत सातशे. डॉक्टर तोच, सुरी तीच. फरक पडतो तो फक्त जागेचा आणि त्या जागेत दोन वेळा खिचडी शिजवणाऱ्या माणसाचा. म्हणजे अडचण शस्त्रक्रियेची नाहीच, सांभाळण्याची आहे. आणि आपण दरवर्षी निविदा काढतो ती शस्त्रक्रियेची.

निविदेवरून एक जुनी गोष्ट आठवली. १८३२ साली मुंबईत सरकारनं भटकी कुत्री मारायची मोहीम काढली होती. एका कुत्र्यामागे आठ आणे. बक्षिसाच्या लोभानं शिपाई लोकांच्या ओट्यावरची पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले. जूनच्या ६ तारखेला पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि कोटात, म्हणजे आजच्या फोर्ट भागात, दंगल झाली. नगामागे पैसे ठरवले की नग कुठून तरी पैदा केले जातात, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला त्या गोष्टीतला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांनी मुंबईत पांजरपोळ, म्हणजे जनावरं सांभाळायची धर्मादाय जागा, उभारला. तो आजही आहे. अशा पांजरपोळांना व्यापारी आपल्या सौद्यातला ठरावीक वाटा देत. वर्गणी मागून नाही, सौदा झाला की आपोआप. दरवर्षी नक्की येणारा पैसा आणि दिवसातून दोनदा नक्की येणारा चारा यांचं नातं त्या शेठ लोकांना कळलं होतं.

आपल्याकडेही कोंडवाडा होताच की. जुन्या गावात कोंडवाडा गल्ली आजही सापडते. १८७१ चा गुरांच्या कोंडवाड्याचा कायदा इंग्रजांचा, पण त्यातही लिहिलेलं होतं की कोंडवाडा सांभाळणाऱ्यानं जनावराला चारापाणी द्यायचं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी जे कागदावर होतं ते आपण गमावलं. आमच्या गावचा कोंडवाडा आता नगरपरिषदेच्या भंगाराचं गोदाम आहे. घंटागाड्यांचे जुने टायर, फुटके पथदिवे, गेल्या निवडणुकीच्या मतदानपेट्यांचे खोके. जनावरांसाठी राखलेली जागा जाते तेव्हा एकदम जात नाही. आधी एका कोपऱ्यात काहीतरी 'तात्पुरतं' ठेवलं जातं.

आता कुत्र्यांचं सोडा, माणसांचं सांगतो. कारण मला ठाऊक आहे, तुमच्यातला निम्मा सदस्य इथवर वाचून म्हणत असेल, 'इथं चार दिवसांआड पाणी येतंय आणि हा कुत्र्यांना बंगला मागतोय.'

दोन वर्षांपूर्वीचा आषाढ. आठवडी बाजाराचा दिवस, चिखल. एक तांबडं कुत्रं भाजीच्या रांगेत शिरलं आणि समोर येईल त्याला चावत सुटलं. मेथी विकणारी आजी, एक हमाल, आईचा हात धरून चाललेला पहिलीतला मुलगा, असे आठ-नऊ जण. लोकांनी ते कुत्रं काठ्यांनी मारलं. मी लोकांना दोष देत नाही. माझं नातवंड तिथं असतं तर मीही काठी उचलली असती. तासाभरानं घंटागाडीनं ते कुत्रं कचरा डेपोवर नेऊन टाकलं.

प्रश्न त्यानंतर सुरू झाला. ते पिसाळलेलं होतं की नुसतं मार खाऊन बिथरलेलं? कुणालाही सांगता येईना. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, जवळजवळ कधीच नाही. म्हणून लस पहिल्याच दिवशी टोचायला हवी, त्यात थांबणं नाही. पण चावलेलं कुत्रं जिवंत पकडून दहा दिवस वेगळं बांधून पाहता आलं आणि ते ठणठणीत राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता हे कळतं आणि डॉक्टर पुढचं ठरवू शकतात. मेलं, तर त्याचा मेंदू तपासायला पाठवता येतो, आणि गल्लीत आणखी कोणकोणत्या कुत्र्यांना ते चावलं याचा माग काढायचा इशारा मिळतो. आमच्याकडे दहा दिवस बांधायला जागा नव्हती. मेंदू कचऱ्याखाली होता. म्हणून आठ-नऊ कुटुंबांनी महिनाभर जीव मुठीत धरून काढला. जखमेभोवती टोचायचं सीरम तालुक्याला नव्हतं. त्या आजी एसटीनं जिल्ह्याला गेल्या, दोन बाजार बुडले. सगळे वाचले. पण त्या मुलाची आई पुढचे कितीतरी दिवस पोराला पाण्याचा ग्लास देऊन त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. पाण्याची भीती वाटते का, ते पाहायला.

एक पक्की खोली, लोखंडी दार, सिमेंटची मोरी आणि स्वतः रेबीजची लस घेतलेला एक माणूस एवढं असतं तर हे टळलं असतं. याला प्राणिप्रेम म्हणायचं असेल तर म्हणा. मी याला आरोग्य खातं म्हणतो.

आणि प्राणिप्रेमाचं निघालंच आहे तर आमच्या लोकांनाही दोन शब्द सुनावतो, म्हणजे पत्र एकतर्फी वाटायला नको. रात्री स्कूटरवरून येऊन चौकात भात ओतून जाणारे, आणि सकाळी तिथंच झाडू मारणाऱ्या बाईला कुत्रं चावलं की फोन बंद ठेवणारे, हे प्राणिमित्र नव्हेत. चावे खातात ते झाडूवाले, पेपरवाले, कचरा वेचणारी मुलं, रात्रपाळीहून पायी येणारे. चारचाकीतून फिरणाऱ्याच्या पायाला कुत्रं चावत नाही. हा प्रश्न गरिबाच्या पिंडरीचा आहे, म्हणूनच तो पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर पडून राहिला, असा मला दाट संशय आहे.

सर्वोच्च न्यायालयाचं तुमच्या कानावर आलंच असेल. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात न्यायालयानं नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायला सांगितली. पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. खाऊ घालायच्या जागाही ठरवून द्यायला सांगितल्या. मग ७ नोव्हेंबर २०२५ ला आणखी एक आदेश आला: शाळा-कॉलेजं, दवाखाने, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून, नसबंदी-लस करून निवाऱ्यात ठेवा, पुन्हा तिथं सोडू नका. महामार्गांवरची मोकाट गुरं हलवून गोशाळांत ठेवायलाही त्यात सांगितलं आहे.

या आदेशाच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं. मला स्वतःला तो पूर्ण पटलेला नाही. एसटी स्टँडावरची नसबंदी झालेली चार म्हातारी कुत्री उचलली की आठवड्यात बाहेरची सहा तरणी तिथं येतात, हे मी पाहिलेलं आहे. पण माझ्या पटण्याला कोण विचारतो? आदेश आहे आणि तो तुम्हांला लागू आहे. म्हणजे स्टँडावरचं कुत्रं आता पाच दिवसांसाठी नाही, जन्मभरासाठी तुमच्याकडे येणार. नीट सांभाळलेलं कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. तुमची मुदत संपेल, पुढच्या मंडळाचीही संपेल, तरी ते जेवायला मागत असेल.

म्हणून 'निवारा बांधला' या बातमीला मी भितो. बांधकामाला पैसा मिळतो. कोनशिला बसते, फीत कापली जाते, ठेकेदाराचं बिल निघतं. मग दुसऱ्या महिन्यापासून आत कोण जातं? शंभर कुत्री ठेवली आणि एकाच्या पोटाला दिवसाला तीस रुपये धरले, तरी वर्षाला जवळजवळ अकरा लाख होतात. त्यावर दोन माणसांचा पगार, औषधं, पाण्याचं बिल, फिनेल, मेलेल्यांची विल्हेवाट. हा खर्च दरवर्षीचा आहे. तो भांडवली शीर्षात घातला की पहिल्या वर्षी कौतुक होतं आणि तिसऱ्या वर्षी तिथून वास यायला लागतो. ज्या निवाऱ्यात पिंजरे आहेत पण खिचडी नाही त्याला निवारा म्हणत नाहीत. असा एक मी पाहिला आहे, कुठला ते लिहीत नाही. आत दोन कुत्री तिसऱ्याला खात होती.

सगळी कुत्री कोंडा, असंही मी म्हणत नाही, तसा गैरसमज नको. २०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली, त्यांतली पावणेतेरा लाखांच्या आसपास आपल्या राज्यात. एवढ्यांना कोंडायला जमीन नाही आणि गरजही नाही. मारून संपवायचं म्हणाल, तर मद्रास महापालिकेनं शंभर वर्षांहून अधिक काळ तेच केलं. कुत्री संपली नाहीत आणि १९९६ मध्ये मारणं सोडून ती नसबंदीकडे वळली. निवारा हवा तो नसबंदीनंतरच्या पाच दिवसांसाठी, चावलेल्याच्या दहा दिवसांसाठी, गाडीखाली पाय गेलेल्याच्या महिन्यासाठी, आणि न्यायालयानं उचलायला सांगितलेल्या मोजक्यांच्या आयुष्यासाठी.

गुरांचं वेगळं दुखणं आहे. राज्याच्या २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैल आणि वळूही कत्तलीला जात नाहीत. कायदा बरा की वाईट यात मी पडत नाही, पण भाकड जनावराचा भार अखेर कुणावर पडला ते सांगतो: ज्याला वैरण परवडत नाही त्यानं दावं सोडलं आणि ते जनावर तुमच्या भाजी मंडईत आलं. राज्य सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गायीला दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. चांगलं झालं. पण मंडईत उभी असते ती बहुतेक संकरित, जर्सी नाहीतर होल्स्टीन. तिच्या नावानं काहीच येत नाही. ती प्लास्टिकच्या पिशव्यांतलं शिळं अन्न पिशवीसकट खाते आणि पोट फुगून मरते. एकीचं पोट आम्ही नाक्यावरच फाडलं होतं, मेल्यावर. पाटीभर पिशव्या निघाल्या, त्यांत आपल्याच नगरपरिषदेच्या स्वच्छता सप्ताहाचा एक फलक होता. हसावं की काय, कळेना.

१९६२ या नंबरला फोन केला की फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं, इलाज करतं. ते पथक पशुपालकाच्या दारासाठी आहे, आणि इलाज करून ते जाणारच. रस्त्यातल्या जनावराला दारच नसतं. इंजेक्शन दिल्यावर ते तिथंच, दुभाजकाला टेकून बसलेलं. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा आजारी गुरं वेगळी ठेवा असं आम्ही घसा फोडून सांगत होतो. मोकाट गुरं वेगळी ठेवायला गावात चार खुंटांची जागा नव्हती.

होतं का हे कुठं, असं विचाराल. शेजारचा गोवा बघा. तिथं २०१४ पासून सरकारनं मिशन रेबीज या संस्थेला हाताशी धरलं. जाळी घेतलेली माणसं वाड्यावाड्यांवर फिरून कुत्री पकडत, जागेवर लस देत, रंगाची खूण करत आणि सोडत. मोबाइलमध्ये प्रत्येकाची नोंद. शाळांतून मुलांना शिकवलं, पिसाळलेल्या कुत्र्याची वर्दी द्यायला फोन नंबर ठेवला आणि वर्दी आली की जाऊन ते कुत्रं ताब्यात घेतलं. पाच-सहा वर्षांत कुत्र्यांमधला रेबीज ९० टक्क्यांहून अधिक उतरला, आणि २०२१ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की तीन वर्षांत एकही माणूस रेबीजनं दगावला नाही. गोवा लहान आहे, पर्यटनाचा पैसा आहे, हे सगळं खरं. पण त्यांचं यश पैशाच्या आकड्यापेक्षा पैशाच्या सातत्याचं आहे. दरवर्षी तीच मोहीम, तीच माणसं. आपल्याकडे मार्चअखेर पैसे उरले की कुत्र्यांची गाडी निघते आणि जूनमध्ये बिल अडकलं की बंद पडते. ज्या कुत्र्याला गेल्या वर्षी लस दिली त्याला यंदाही द्यावी लागते, ते काही मार्च बघून चावत नाही.

आता मागणं. अंदाजपत्रकात निवाऱ्यासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडा, महसुली खर्चाचं, आणि त्यात बारा महिन्यांच्या अन्नाचा, औषधांचा आणि निदान दोन माणसांच्या पगाराचा आकडा घाला. सुधारित अंदाजाच्या वेळी कात्री लावायची झाली तर बांधकामाला लावा, खिचडीला लावू नका. जागा नवी विकत घ्यायला कुणी सांगत नाही; कोंडवाड्यातलं भंगार लिलावात काढा आणि जागा मोकळी करा. प्रत्येक जिल्ह्यात प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी सोसायटी असावी आणि तिला दवाखान्यासाठी, निवाऱ्यासाठी राज्य शासनानं जागा द्यावी, असं केंद्राच्या २००१ च्याच, पण या सोसायट्यांसाठीच्या वेगळ्या नियमांत आहे. आपल्या जिल्ह्यात ती कागदावर आहे की चालती, हे जिल्हाधिकारी कार्यालयात एकदा विचारून बघा.

नसबंदीचं केंद्र प्रत्येक लहान गावाला झेपणार नाही, हे मान्य. चार शेजारच्या नगरपरिषदांनी मिळून एक करावं, वाटणी लोकसंख्येवर. एरवी आपण एकमेकांच्या हद्दीत कुत्री सोडण्याची भागीदारी करतोच आहोत, ती थोडी सुधारायची. आणि ठेकेदाराला पैसे पकडलेल्या नगावर देऊ नका. कानाला खाच पाडलेलं, टाके भरलेलं, मूळ गल्लीत परत सोडलेलं कुत्रं आरोग्य निरीक्षकानं डोळ्यांनी बघितलं की मग सही करा. महिन्याला किती पकडली, किती मेली, किती परत सोडली याचा फळा नगरपरिषदेच्या दारात लावा. जन्म-मृत्यूचे दाखले घ्यायला येणारे लोक वाचतील.

पैसा कुठून, हे मला विचारू नका, तुम्ही हुशार आहात. गावात शिरताना 'आय लव्ह' अशी लाल अक्षरं उभी करायला आणि त्यांच्यामागे रोषणाई करायला पैसा कुठून आला तेही मी विचारलं नव्हतं. त्या अक्षरांच्या बदामामागे पावसाळ्यात एक कुत्री व्याली होती, सहा पिल्लं. लोक पुढून फोटो काढत होते. आमच्या पोरांनी पिल्लं आणली, त्यांतली चार जगली.

ठरावाचा कच्चा मसुदा मी टाईप करून ठेवला आहे, एका पानाचा. कुणाही सदस्याला हवा असेल तर सूचक-अनुमोदकाची जागा रिकामी आहे. आमच्या नाक्यावर यायचं असेल तर गुरुवारी सकाळी या, त्या दिवशी डॉक्टर असतात आणि ड्रेसिंग चालू असतं, म्हणजे काम कसं चालतं ते दिसेल. पांढरे कपडे घालून येऊ नका. मी नसलो तर किल्ली शेजारच्या पंक्चरवाल्याकडे असते. आत शिरल्यावर डावीकडचं दार तेवढं उघडू नका, तिथं नुकतंच आणलेलं एक कुत्रं दहा दिवसांसाठी बांधलं आहे. आज चौथा दिवस.

कळावे,

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक